सिंहाचा दगड आणि मातीचा माणूस

प्रागच्या जुन्या ज्यू कबरस्तानातल्या एका थडग्यापाशी नेहमी गर्दी असते. घराच्या उतरत्या छपरासारखा दगडी आकार, दर्शनी शिळेवर मागच्या पायांवर उभा ठाकलेला सिंह, दाटीने कोरलेली हिब्रू अक्षरे. दगडाच्या कडांवर लोकांनी ठेवलेले खडे आणि त्या खड्यांखाली दाबलेल्या, फटींमध्ये सरकवलेल्या घडीच्या चिठ्ठ्या. मातीचा माणूस घडवून त्यात जीव ओतणारे रब्बी ते हेच, अशी त्यांची जगभर ख्याती आहे आणि ती ऐकूनच बहुतेक लोक इथवर येतात.

शिळेवर मात्र त्या मातीच्या माणसाविषयी एक अक्षर नाही. आहे ती एका विद्वानाची थोरवी, आणि त्याच्याच शेजारी विसावलेल्या पत्नीची आठवण. रब्बी यहुदा लोव बेन बेझालेल १७ सप्टेंबर १६०९ रोजी वारले. ज्यू पंचांगाप्रमाणे तो ५३६९ सालातल्या एलूल महिन्याचा १८वा दिवस. मातीच्या माणसाची, म्हणजे गोलेमची गोष्ट त्यांच्या नावाने छापली गेली ती १८३०च्या दशकात. मधली सुमारे सव्वादोनशे वर्षे दगड तिथेच उभा होता आणि त्याच्याभोवती गोष्टी एकेक करून येऊन बसत होत्या. ही वस्ती कशी झाली, हे मला गोलेमइतकेच अद्भुत वाटते.

आधी माणूस पाहू. ज्यू जग त्यांना ‘महाराल’ म्हणते. ‘आमचे गुरू, रब्बी लोव’ या अर्थाच्या हिब्रू शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. १५५३ ते १५७३ अशी वीस वर्षे ते मोराव्हियात मुख्य रब्बी होते, मग प्रागला आले. अधूनमधून पोलंडमधल्या पोझनानला गेले, पुन्हा परतले आणि अखेरची वर्षे प्रागचे मुख्य रब्बी म्हणून काढली. त्यांनी आयुष्यभर ग्रंथ लिहिले. शिक्षणाबद्दलची त्यांची तळमळ तर आजही ताजी वाटते. कोवळ्या मुलांच्या माथी तालमूद या धर्मचर्चेच्या महाग्रंथातला गुंतागुंतीचा वाद मारू नका, आधी बायबल शिकवा, मग मिश्ना हे धर्मनियमांचे संकलन, आणि वय व समज वाढली की तालमूद, असे ते परोपरीने सांगत. शब्दांचा कीस काढत बसणे म्हणजे विद्वत्ता, हा त्यांच्या काळचा समज त्यांना मुळीच मान्य नव्हता. त्यांच्या थडग्यावर चिठ्ठी ठेवणाऱ्या शंभरांतल्या एकालाही हे ठाऊक नसावे, याची मला खंत वाटते.

त्यांच्या आयुष्यात एक प्रसंग असा घडला, की ज्यातून दंतकथा उगवणारच होती. फेब्रुवारी १५९२मध्ये सम्राट रुडॉल्फ दुसरा याने त्यांना भेटीला बोलावले. रुडॉल्फने प्रागला राजधानी केले होते आणि किमयागार, ज्योतिषी, घड्याळजी, चित्रकार यांचा मेळाच दरबारात भरवला होता. एका ज्यू धर्मगुरूला सम्राटाने समोर बसवून बोलावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. भेटीची नोंद दाविद गान्स या इतिहासकाराने त्याच वर्षी छापलेल्या ग्रंथात केली, पण दोघांत काय बोलणे झाले ते गुपितच राहिले, असेही लिहून ठेवले. बंद दाराआडचे बोलणे लोकांनी पुढे आपापल्या परीने ऐकले. कुणी म्हणाले किमयेची चर्चा झाली, कुणी म्हणाले रब्बींनी सम्राटाला मृत पूर्वजांच्या आकृत्या दाखवल्या.

आता कबरस्तान. तिथली दगडांची दाटी पाहूनच माणूस गप्प होतो. सुमारे १२ हजार शिळा एकमेकींना खेटून, कलून, काही अर्ध्या जमिनीत बुडून उभ्या आहेत. ही दाटी हौसेची नाही. ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात कोंडलेले होते, कबरस्तानासाठी जास्तीची जमीन मिळत नव्हती, आणि पुरलेल्या देहाला हलवायचे नाही असा धर्माचा दंडक. मग वरून मातीचा थर टाकायचा, खालच्या शिळा उचलून वर आणायच्या आणि नव्या मृताला त्या नव्या थरात जागा द्यायची. काही ठिकाणी असे बारा थर झाले असे सांगतात. म्हणजे आज वर जी एक शिळा दिसते, तिच्या शेजारच्या दोन-चार शिळा तिच्याहून कितीतरी खोल झोपलेल्यांच्या असतात. इथली सर्वांत जुनी शिळा १४३९ सालची, अविग्दोर कारा या रब्बी-कवीची. १३८९च्या ईस्टरला प्रागच्या ज्यूंची कत्तल झाली, तिच्यावर त्यांनी विलापगीत रचले होते. शेवटचे दफन १७८७ साली झाले. सम्राट जोसेफ दुसरा याने शहरात मृतदेह पुरायला मनाई केली आणि हे कबरस्तान मिटले.

हिब्रू न येणाऱ्यालाही इथले दगड थोडेफार वाचता येतात, कारण त्यांवर चित्रे आहेत. आशीर्वादासाठी जुळवलेले दोन पंजे दिसले की मृत माणूस कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या घराण्यातला. झारी आणि तस्त दिसले की लेवी. पुरोहितांच्या हातांवर पाणी घालणे हे त्या घराण्याचे काम. कात्री शिंप्याची, खलबत्ता औषधे कुटणाऱ्याचा. आणि प्राणी दिसला तर बहुतेक वेळा ते नाव असते. हिर्श म्हणजे हरीण, बेअर म्हणजे अस्वल, कार्पेलेसच्या दगडावर मासा. सम्राटाच्या त्या भेटीची नोंद करणारे दाविद गान्स १६१३ साली वारले, तेही इथेच आहेत. गान्स म्हणजे जर्मनमध्ये हंसाच्या जातीचा मोठा पाळीव पक्षी. त्यांच्या शिळेवर तो पक्षी कोरलेला आहे आणि सोबत सहा टोकांचा दावीदचा तारा. त्यांना खगोलशास्त्राचे वेड होते. टायको ब्राहे आणि केप्लर यांच्या वेधशाळेत जाऊन त्यांनी ग्रहताऱ्यांची मोजमापे स्वतः पाहिली होती.

महारालांचा सिंहही असाच नावातून आलेला. लोव हे नाव सिंहासाठीच्या जर्मन शब्दाशी जुळते. शिवाय त्यांचे नाव यहुदा, आणि बायबलमध्ये याकोबाने आपल्या यहुदा नावाच्या मुलाला सिंहाचा छावा म्हटले आहे. आपल्या एका ग्रंथालाही त्यांनी ‘सिंहाचा छावा’ याच अर्थाचे नाव दिले होते. सिंह पाहून पराक्रमाच्या किंवा मंत्रसामर्थ्याच्या कथा रचणाऱ्यांनी या साध्या गोष्टीकडे पाठ फिरवली. थडग्याचा छपरासारखा आकार मात्र थोर मंडळींसाठी राखलेला. या धाटणीचे इथले पहिले थडगे मोर्देखाय माइझेल यांचे, १६०१ सालचे. हे गृहस्थ गडगंज श्रीमंत होते. त्यांनी ज्यू वस्तीतले रस्ते फरसबंद केले, प्रार्थनाघर बांधले. हिब्रूत अशा थडग्याला ‘ओहेल’ म्हणतात, म्हणजे तंबू.

या तंबूत महाराल एकटे नाहीत. त्यांच्या पत्नी पेर्ल त्यांच्या मागोमाग १६१० साली गेल्या. पेर्लची एक कथा घराण्यात चालत आली, आणि या थडग्याभोवतीच्या सगळ्या कथांमध्ये मला ती सर्वांत प्रिय आहे. लोव तरुण असताना त्यांची पेर्लशी सोयरीक ठरली. पेर्लचे वडील सधन होते, पण दैव फिरले आणि होते नव्हते ते गेले. त्यांनी भावी जावयाला कळवले, आता हुंडा देणे मला जमणार नाही, तुम्ही दुसरीकडे लग्न करायला मोकळे आहात. लोव यांनी उत्तर पाठवले, मी थांबेन. वर्षे लोटली. आईबापांना पोसायला पेर्लने पाव-रोटीचे छोटे दुकान मांडले. एके दिवशी घोड्यावरून जाणाऱ्या शिपायाने भाल्याच्या टोकाने एक पाव उचलला. ती धावत त्याच्यामागे गेली: आम्ही गरीब माणसे, पैसे द्या. त्याच्याकडे नाणे नव्हते. त्याने खोगिरावरचे कापड काढून तिच्याकडे फेकले आणि निघून गेला. कापड उसवले तर आत सोन्याच्या मोहरा शिवलेल्या. त्यातून लग्न झाले. तो शिपाई म्हणजे प्रेषित एलिया, असे सांगणारे सांगतात. ज्यू लोककथांमध्ये अडल्यावेळी वेष पालटून येणारा तोच. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घराघरांतही नवस आणि मलिदा त्याच एलियाहू हनाबीच्या नावाने होतात.

मरणाच्या कथा वेगळ्या. एका कथेत प्रागमध्ये साथ येते आणि फक्त लहान मुले मरू लागतात. महाराल एका शिष्याला मध्यरात्री कबरस्तानात पाठवतात. तिथे मेलेली मुले पांढऱ्या कफनात कबरींवर खेळत असतात. शिष्य त्यांच्यातल्या एकाचे कफन हिसकावून पळतो. मूल रडत रब्बींच्या खिडकीखाली येते. कफनावाचून त्याला कबरीत परतता येत नाही. साथ कुणाच्या पापाने आली ते सांग, मग देतो, असे रब्बी म्हणतात. मूल दोन घरांची नावे घेते, दोषींना शिक्षा होते आणि साथ ओसरते. कोवळ्या जिवांच्या मृत्यूला काहीतरी कारण असलेच पाहिजे, ही आईबापांची तगमग या कथेत स्पष्ट ऐकू येते. प्लेग कशाने होतो हे कुणालाच ठाऊक नसलेल्या त्या काळात दुसरे कुठले उत्तर त्यांच्या हाती होते?

दुसऱ्या कथेत खुद्द मृत्यू महारालांना शोधत असतो, पण त्यांचे डोळे सतत पोथीत, त्याला जवळ फिरकता येत नाही. शेवटी तो गुलाबात लपतो. नात आजोबांना फूल आणून देते, ते वास घेतात आणि प्राण जातो. प्रागच्या नव्या नगरभवनाच्या कोपऱ्यावर लादिस्लाव शालौन या शिल्पकाराने घडवलेला महारालांचा उंच पुतळा आहे, त्यात हा गुलाब आहे. आणि तिसरी कथा अगदी घरगुती. महारालांच्या शमुएल नावाच्या नातवाला आजोबांच्या शेजारीच विसावायचे होते, आजोबांनी तसा शब्दही दिला होता. तो वारला तेव्हा शेजारी जागाच उरली नव्हती. तेव्हा आजोबांचे थडगे आपण होऊन जरासे सरकले आणि नातवापुरती चिंचोळी जागा झाली. जिथे बारा बारा थर रचावे लागले, तिथल्या लोकांनी ही कथा सांगावी, यात मला त्यांचे सगळे जगणे दिसते. जागा नव्हती, निदान कथेत तरी दगडाने सरकून घेतले.

आता गोलेम. हा शब्द बायबलमधल्या १३९व्या स्तोत्रात एकदाच येतो, अजून आकार न आलेल्या देहासाठी. तालमूदमध्ये रावा नावाचे विद्वान एक माणूस निर्माण करून रब्बी झेइरांकडे पाठवतात. झेइरा त्याच्याशी बोलतात, तो उत्तर देत नाही. ते ओळखतात आणि म्हणतात, तू आमच्यातल्याच कुणीतरी बनवलेला आहेस, परत माती हो. मुकेपणा ही गोलेमची खूण तेव्हापासूनची. मध्ययुगात ‘सेफेर यत्झिरा’, म्हणजे निर्मितीचा ग्रंथ, या पोथीतल्या अक्षरांच्या जुळण्यांवर ज्यू गूढवाद्यांनी खूप मनन केले. ईश्वराने शब्द उच्चारून जग घडवले असेल, तर अक्षरांची योग्य मांडणी करून मातीत हालचाल आणता येईल, असा तो विचार.

त्या काळातल्या माणसाला हे निर्मितीचे श्रेय आधी चिकटले ते प्रागमध्ये नव्हे, पोलंडमध्ये. खेल्म गावचे रब्बी एलिया १५८३ साली वारले, महारालांचेच समकालीन. १७व्या शतकातच त्यांच्या गोलेमची हकिकत लिहिली गेलेली आढळते. त्याच्या कपाळावर ‘एमेत’ म्हणजे ‘सत्य’ असे लिहिलेले असे. पहिले अक्षर आलेफ पुसले की उरते ‘मेत’, म्हणजे ‘मृत’, आणि गोलेम कोसळून मातीचा ढीग होई. एलियांचे वंशज त्झ्वी अश्केनाझी यांनी तर धर्मशास्त्रीय प्रश्न गंभीरपणे चर्चेला घेतला होता: सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्या दहांत गोलेम धरता येईल का? याकोब ग्रिमने १८०८ साली ही पोलंडची दंतकथा जर्मन वाचकांसाठी छापली. त्यातही प्रागचे नाव नाही.

महारालांच्या स्वतःच्या ग्रंथांत गोलेम घडवल्याचा उल्लेख नाही. सम्राटाच्या भेटीची अभिमानाने नोंद करणारे गान्स त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. १८व्या शतकात घराण्यातल्या माणसाने लिहिलेल्या चरित्रातही तो नाही. बेर्थोल्ड आउएरबाखच्या १८३७ सालच्या कादंबरीत तो ओझरता येतो, १८४१ साली प्रागच्या फ्रान्झ क्लुत्शाकने गोष्ट छापली, आणि १८४७ साली ‘सिप्पुरिम’ या ज्यू कथासंग्रहात लिओपोल्ड वाइझेल या डॉक्टरने ती लिहिल्यावर ती घट्ट रुजली. खेल्मपासून ती प्रागला कशी आली असेल? माझा तर्क असा, की गोष्टीला पाय टेकायला ठसठशीत जागा लागते. प्रागमध्ये किमयागारांचा सम्राट होता, गुप्त भेट होती, आणि सिंह कोरलेले भव्य थडगे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

प्रागच्या कथेत गोलेम रब्बींच्या घरी पाणी भरतो, लाकडे फोडतो. त्याच्या तोंडात ‘शेम’, म्हणजे ईश्वराचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो, तेव्हा ती काढून घ्यायची, कारण त्या दिवशी नोकरालाही विश्रांती द्यायची आज्ञा आहे. हा नियम किती काटेकोर असतो ते कोकणाला माहीत आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायल तेल्यांना गावाने ‘शनवार तेली’ असेच नाव दिले. एका शुक्रवारी महाराल चिठ्ठी काढायला विसरतात. गोलेम पिसाळतो, दारे-खिडक्या फोडत सुटतो. प्रागच्या ‘जुने-नवे’ नावाच्या प्रार्थनाघरात शब्बाथचे ९२वे स्तोत्र सुरू झालेले असते. ते थांबवून महाराल धावत येतात, चिठ्ठी उपटतात आणि मातीचा पुतळा कोसळतो. मग स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. शब्बाथ अजून पुरता लागलेला नव्हता म्हणून हे चालले, असा खुलासाही कथा करते. तिथे ते स्तोत्र दोनदा म्हणण्याची रीत पडली ती यामुळे, असे सांगतात. ती माती प्रार्थनाघराच्या माळ्यावर आहे आणि तिथे कुणी चढायचे नाही, हा कथेचा शेवट. १३व्या शतकातल्या त्या वास्तूच्या बाहेरच्या भिंतीवर माळ्याकडे जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या दिसतात. पत्रकार एगॉन एर्विन किश विसाव्या शतकात माळ्यावर चढून आला. गोलेम सापडला नाही.

१९०९ साली वॉर्सातले रब्बी युद्ल रोझेनबर्ग यांनी महारालांच्या चमत्कारांचे पुस्तक छापले आणि ते महारालांच्या जावयाचे जुने हस्तलिखित असल्याचे सांगितले. ते हस्तलिखित नव्हते. पुस्तक रोझेनबर्ग यांचेच होते. त्यात गोलेम घरगडी राहिला नाही. ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचे रक्त सणाच्या रोटीत घालतात, हा जो भयंकर खोटा आरोप युरोपभर शतकानुशतके होत आला, त्यापासून वस्तीला वाचवणारा तो राखणदार झाला. आज सगळीकडे सांगितला जातो तो हाच गोलेम. तो काळही तसाच होता. १९०३ साली किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाली होती. १९११ साली कीव्हमध्ये त्याच आरोपाखाली मेंडेल बेलिस यांना अटक झाली. रोझेनबर्ग यांना फसवणारा ठरवून मोकळे होणे मला जमत नाही. ज्या लोकांच्या मदतीला कुणी येत नव्हते, त्यांना त्यांनी १६व्या शतकातून एक धट्टाकट्टा रक्षक आणून दिला.

या कबरस्तानाबद्दल आणखी एक कथा आहे, आणि तिने माणसे मारली. जर्मन लेखक हेर्मान ग्योद्शे याने १८६८ साली ‘बियारित्झ’ या कादंबरीत एक प्रकरण रंगवले: प्रागच्या ज्यू कबरस्तानात रात्री इस्रायलच्या बारा वंशांचे प्रतिनिधी जमतात आणि जग ताब्यात घेण्याचा कट शिजवतात. निव्वळ कल्पित. पण पुढे काही वर्षांतच ते प्रकरण कादंबरीतून सोडवून, खरोखरचे ‘रब्बीचे भाषण’ म्हणून पत्रकांतून फिरू लागले. १९०३ साली रशियात छापल्या गेलेल्या ‘प्रोटोकोल्स’ या कुप्रसिद्ध बनावट दस्तऐवजाला त्याच कल्पनेने खतपाणी घातले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ साली ती बनवाबनवी उघड केली, तरी नाझींनी ती वापरलीच. त्याच थडग्यांमध्ये वस्तीतल्या लोकांना मेलेली मुले खेळताना दिसली आणि नातवासाठी सरकणारा दगड दिसला. भिंतीबाहेरच्याला कट दिसला. दोघांपैकी कुणाचीच गोष्ट दगडांवर लिहिलेली नव्हती.

कबरस्तानात जाण्याची वाट आज पिंकास प्रार्थनाघरातून आहे. आतल्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत बारीक, हाताने लिहिलेली नावे आहेत: बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची. नाव, जन्मतारीख, आणि ती व्यक्ती जिवंत असल्याची शेवटची माहीत असलेली तारीख. यांच्यापैकी बहुतेकांना थडगे मिळाले नाही, ना बारा थरांतला एखादा कोपरा. ही नावे पहिल्यांदा १९५०च्या दशकात लिहिली गेली. १९६८नंतर कम्युनिस्ट राजवटीत प्रार्थनाघर बंद झाले, ओल चढली आणि भिंतींवरची नावे गेली. राजवट पडल्यावर १९९२ ते १९९६ या काळात ती सगळी पुन्हा, एकेक करून, हाताने लिहिली गेली.

माणसे ती नावे वाचत वाचत पुढे सरकतात, मग उघड्यावर, शिळांच्या दाटीत येतात. ज्यू थडग्यावर फूल सहसा ठेवत नाहीत, खडा ठेवतात. कुणीतरी येऊन गेले, इतके तो सांगतो. सिंहाच्या दगडापाशी पोहोचल्यावर कुणी खिशातला कागद काढते, चार शब्द लिहिते, घडी घालते आणि फटीत सरकवते. गोष्टीत चिठ्ठी मातीच्या तोंडात ठेवायची असते. इथे ती दगडाच्या तोंडात ठेवली जाते, आणि शब्बाथ लागला म्हणून कुणी ती काढून घेत नाही.